व्यत्यय, ४०४ आणि बाबांचा टीव्ही

या वीकेंडला खरं तर दुसऱ्याच विषयावर लिहायचं ठरवलं होतं. पण मागच्या शनिवारी भिवंडीला घरी गेलो आणि विषय दारातच भेटला.

चप्पल काढेपर्यंत आई म्हणाली, "तेवढा टीव्ही बघ रे. अकरा दिवस झाले, बंद आहे." टीव्ही ठीक होता, त्याला जोडलेला स्ट्रीमिंगचा डबा चालत नव्हता. अकरा दिवस! मला फोन का नाही केलात, असं बाबांना विचारलं तर ते काही बोलेनात. शेवटी आईनंच हळूच सांगितलं, "त्यांना वाटतंय, त्यांच्याच हातून काहीतरी चुकीचं दाबलं गेलं."

बाबांनी कालनिर्णयच्या पानामागे स्क्रीनवरचा मेसेज जसाच्या तसा उतरवून ठेवला होता. एकेक इंग्रजी अक्षर बघून बघून काढलेलं. मराठीत सांगायचं तर: 'काहीतरी चुकलं आहे. कृपया आपलं इंटरनेट कनेक्शन तपासा आणि पुन्हा प्रयत्न करा.' खाली एक लांबलचक कोड. आणि बाबांनी खरंच अकरा दिवस, रोज संध्याकाळी, पुन्हा प्रयत्न केला होता.

आता जरा बाबांबद्दल. आमचे आजोबा मुंबईत गिरणीत, साळखात्यात. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि गिरण्यांचं बरंचसं काम भिवंडीच्या यंत्रमागांकडे आलं. कामामागून आमचं घरही आलं. बाबा पद्मानगरच्या कारखान्यांत जॉबर म्हणून लागले आणि पस्तीस वर्षं त्यांनी लूम दुरुस्त केले. थोडक्यात, यंत्राला घाबरणारा माणूस नाही. तरी एका ओळीच्या मेसेजनं त्यांना गप्प बसवलं. ही गोष्ट डोक्यातून जाईना, म्हणून हा लेख.

आधी बिघाड काय होता ते सांगतो. घरातल्या वायफायवर माझ्या फोनवर तेच अ‍ॅप, तेच अकाउंट मस्त चाललं. म्हणजे इंटरनेट ठीक, अकाउंट ठीक, कंपनीचे सर्व्हरही ठीक. उरला डबा. सेटिंग्जमध्ये शिरलो आणि तारीख दिसली: १ जानेवारी १९७०.

सॉफ्टवेअरवाले इथे हसले असतील. बाकीच्यांसाठी: युनिक्स पद्धतीच्या यंत्रांची काळमोजणी १ जानेवारी १९७० पासून सुरू होते. वेळ विसरलेलं यंत्र बहुधा तिथेच जाऊन बसतं. स्वस्तातल्या डब्यात घड्याळ जिवंत ठेवणारी बॅटरी नसते, वीज गेली की वेळ गेली. एरवी डबा इंटरनेटवरून वेळ विचारून घेतो. आमच्या डब्यात ते 'ऑटोमॅटिक'चं बटण बंद होतं. आता सुरक्षित कनेक्शन जोडताना सर्व्हर आपलं प्रमाणपत्र दाखवतो आणि त्यावर 'या तारखेपासून त्या तारखेपर्यंत वैध' असं लिहिलेलं असतं. डब्याच्या मते आज १९७० साल, प्रमाणपत्र पन्नास-पंचावन्न वर्षांनंतरचं. डबा म्हणाला, हे खोटं दिसतंय, आणि दार लावून घेतलं. बिचाऱ्याचं काही चुकलं नाही!

गंमत बघा, डबा ज्या सालात गेला होता त्या १९७० मध्ये मुंबईत टीव्हीच नव्हता. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ ला प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झालं, मुंबई केंद्र मात्र २ ऑक्टोबर १९७२ चं. टीव्हीबरोबर आपल्याकडे टीव्हीचा पहिला एरर मेसेजही आला. तो तुम्हाला पाठ असेल: 'व्यत्यय'. हिंदीत 'रुकावट के लिए खेद है'. चित्र गेलं की ही पाटी यायची आणि घरोघर उसासे निघायचे.

आपण त्या पाटीची भरपूर चेष्टा केली. पण आज इंजिनियरच्या नजरेनं बघतो तेव्हा तिचं एक मोठेपण जाणवतं. पाटी कारण सांगत नव्हती, किती वेळ लागेल तेही नाही. पण गडबड आमच्याकडे झालीय, तुमच्याकडे नाही, एवढं तिच्यातून स्पष्ट कळायचं. कारण पाटी दिसतेय म्हणजे तुमचा टीव्ही आणि अँटेना दोन्ही शाबूत. पाटीऐवजी नुसत्या मुंग्या दिसल्या तर मात्र गच्चीवर जायचं. १९८७ मध्ये 'रामायण' सुरू झालं तेव्हा आमच्या चाळीत एकच टीव्ही होता. एक जण अँटेना फिरवणार, एक जिन्यात, एक टीव्हीसमोर. "आलं का?" "थोडं अजून... गेलं, गेलं!" पण त्याआधीची पायरी ठरलेली असायची. शेजारच्या चाळीकडे ओरडून विचारायचं, "तुमच्याकडे दिसतंय का?" दोष आपल्यात की पलीकडे, ते शोधायची ही सगळ्यात जुनी आणि आजही सगळ्यात चांगली पद्धत. मी फोनवर अ‍ॅप लावून पाहिलं, ते दुसरं काय होतं?

आता बाबांच्या लूमकडे येतो, कारण एरर मेसेजचा इतिहास कॉम्प्युटरच्या आधीपासून सुरू होतो. मागावर उभे धागे ताणलेले असतात आणि धोटा आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावतो. धोट्यातल्या कांडीवरचा धागा संपला किंवा तुटला तरी माग आपला ठकाठक चालूच राहणार, नुसत्या हवेवर. म्हणून मागाला एक छोटा काटा बसवतात, त्याला वेफ्ट फोर्क म्हणतात. धागा जागेवर असला की तो काट्याला ढकलतो आणि माग चालू राहतो. धागा नसला की काटा ढकलला जात नाही, मागून येणारा हातोडा त्याला पकडतो आणि सुरू-बंद करायचा दांडा निसटतो. माग थांबतो. लँकेशायरमधल्या केनवर्दी आणि बुलो यांच्या १८४२ च्या मागापासून ही युक्ती रुळली. भिवंडीचे साधे माग त्याच घराण्यातले.

जपानमध्ये साकिची तोयोदा यांनी ही कल्पना फार पुढे नेली. त्यांचा १९२४ चा 'टाइप जी' माग चालता चालता आपोआप धोटा बदलायचा आणि धागा तुटला की स्वतःहून थांबायचा. १९२९ मध्ये ब्रिटनच्या प्लॅट ब्रदर्स या कंपनीनं त्याचे हक्क घेतले. त्याच घराण्यानं पुढे १९३७ मध्ये टोयोटा ही मोटार कंपनी काढली आणि मागाचा नियम मोटारीच्या कारखान्यात नेला: काही बिघडलं तर यंत्रानं लगेच थांबायचं आणि नक्की कुठे बिघडलंय ते दिव्यानं दाखवायचं. हा नियम 'जिदोका' या नावानं आज जगभरच्या इंजिनियरांना शिकवतात.

बाबांना मी हे सांगितलं तर म्हणाले, "आमच्याकडे दिवा-बिवा कुठला! पण माग थांबला की नजर सरळ धोट्याकडे. मागाची एक जागा ठरलेली असते बघ." मग थोडं थांबून म्हणाले, "उभा धागा तुटला तर मात्र साधा माग थांबत नाही. ते विणणाऱ्यानंच बघायचं. नाही दिसलं तर कापडात फॉल्ट, आणि पैसे त्याच्या मजुरीतून."

हे वाक्य मला फार लागलं. यंत्र बोललं तर कळतं काय तुटलंय, यंत्र गप्प राहिलं तर भरपाई त्याच्यासमोर उभ्या असलेल्या माणसाकडून.

कॉम्प्युटरवाल्यांनाही ही अडचण लवकर कळली होती. १९७४ मध्ये जॉन पोस्टेल यांनी फाइल पाठवायच्या पद्धतीसाठी तीन आकडी उत्तरांची नीट मांडणी केली. पहिल्या आकड्यावरूनच कळायचं की काम झालं, अर्धवट राहिलं, की फसलं. तीच रीत पुढे वेबवर आली. मे १९९६ मध्ये एचटीटीपीची १.० आवृत्ती कागदावर आली, तिच्यात फसलेल्या उत्तरांचे सरळ दोन गट आहेत. ४ नं सुरू होणारा आकडा म्हणजे मागणाऱ्याची चूक, ५ नं सुरू होणारा म्हणजे देणाऱ्याची. ४०४ म्हणजे तुम्ही मागितलेलं पान नाही, ५०३ म्हणजे आमचाच सर्व्हर सध्या हतबल आहे. (लिंक वेबसाइटवाल्यांनी मोडली तरी ४०४ चा ठपका तुमच्यावरच, ही त्यातली बारीक बदमाशी!) तरी निदान तुझं की माझं, हे पहिल्याच आकड्यात सांगायची सोय होती.

मग स्ट्रीमिंगमध्ये हे हरवलं कुठे?

अ‍ॅपलनं २००९ मध्ये आणलेल्या एचएलएससारख्या पद्धतीत व्हिडिओ सलग येत नाही. काही सेकंदांचे तुकडे एकामागून एक येतात आणि प्लेअर थोडे पुढचे तुकडे साठवून ठेवतो. हा साठा म्हणजे धोट्यातली कांडी. कांडी संपली की चाक फिरतं, बफरिंग! इथवर माग आणि प्लेअर भाऊ-भाऊ. पण एक तुकडा यायला मधे कितीतरी दारं: घड्याळ, प्रमाणपत्र, लॉगिन, हक्क, कॉपी होऊ नये म्हणून लावलेलं कुलूप, आणि किती डब्यांवर एकदम चालतंय त्याची मोजणी. आमच्या डब्याचं तर प्रमाणपत्राच्या दारातच अडलं. एचटीटीपीचं बोलणं सुरूच झालं नाही, म्हणजे ४ नाही आणि ५ ही नाही. अ‍ॅपला एवढंच कळलं की कनेक्शन जुळलं नाही. आणि कनेक्शन जुळलं नाही की अ‍ॅप काय सांगतं? आपलं इंटरनेट तपासा!

हे फक्त आमच्या घरात होतं असंही नाही. मार्च २०२५ मध्ये जगभरातले दुसऱ्या पिढीचे क्रोमकास्ट एका दिवसात बंद पडले. लोकांच्या टीव्हीवर मेसेज आला की तुमच्या डिव्हाइसवर विश्वास ठेवता येत नाही. खरं कारण असं की गूगलच्याच बाजूच्या एका प्रमाणपत्राची मुदत संपली होती. आपलंच काही चुकलं असं समजून काहींनी डबा फॅक्टरी रिसेट केला आणि उलट जास्त अडकले. गूगलला 'रिसेट करू नका' असं सांगावं लागलं, काही दिवसांत दुरुस्तीही आली.

आता कबुलीजबाब. असे मेसेज कोण लिहितं? मी लिहितो! रात्री नऊ वाजता रिलीज असते, चाळीस प्रकारचे बिघाड समोर असतात. त्यातल्या पाचांना नीट शब्द देतो आणि उरलेल्या पस्तीसांना एकच ओळ चिकटवतो. माझ्या हातून किमान तीन ठिकाणी 'कृपया आपलं इंटरनेट कनेक्शन तपासा' गेलेलं आहे. दर वेळी वाटलं, एवढं काय त्यात! त्या ओळीसमोर अकरा संध्याकाळ एखादे बाबा बसतील, हे डोक्यातही आलं नाही.

दुसरी कबुली त्याहून वाईट. ते 'ऑटोमॅटिक'चं बटण बंद कोणी केलं? दोन वर्षांपूर्वी डबा लावताना वेळ साडेपाच तास मागे दाखवत होता. टाइमझोन बदलायचा सोडून मी घाईत ऑटोमॅटिक बंद केलं, हातानं वेळ टाकली आणि पुण्याची गाडी पकडली. इन्व्हर्टर होता तोवर चाललं. परवा इन्व्हर्टरची बॅटरी मेली, वीज गेली आणि माझी चूक बाबांच्या नावावर जमा झाली.

असो. तुमच्या घरीही असा फोन येईल, तेव्हा हा क्रम लक्षात ठेवा. आधी शेजारची चाळ: तेच अ‍ॅप दुसऱ्या फोनवर, त्याच वायफायवर चालतं का? तिथेही बंद असेल तर दुसरं एखादं अ‍ॅप किंवा वेबसाइट उघडा. तीही उघडत नसेल तर खरंच इंटरनेट गेलंय. बाकी सगळं चालतंय आणि हेच नाही, तर बहुधा गडबड कंपनीकडे आहे किंवा अकाउंटमध्ये, म्हणून थोडं थांबा आणि पैसे भरलेत का बघा. फक्त टीव्हीवरच बंद असेल तर आधी तारीख-वेळ पाहा, मग डबा प्लगमधून काढून मिनिटभरानं लावा, मग अ‍ॅप अपडेट करा. फॅक्टरी रिसेट सगळ्यात शेवटी. आणि या सगळ्याच्या आधी समोरच्या माणसाला सांगा की तुमचं काही चुकलेलं नाही.

मी बाबांना तेच सांगितलं. बटण कोणी बंद केलं तेही सांगितलं. ते हसले नाहीत, चिडलेही नाहीत. ऑटोमॅटिक चालू केलं, तारीख आपोआप आजची झाली आणि चित्र आलं. बाबांनी कालनिर्णयचं पान उलटं करून पुन्हा भिंतीवर लावलं आणि म्हणाले, "घड्याळ चुकलं होतं, तर घड्याळ चुकलंय असं लिहायला काय झालं होतं?"

सोमवारी ऑफिसात गेल्या गेल्या ते पस्तीस बिघाड पुन्हा उघडले. आतापर्यंत अकरांना नीट शब्द मिळालेत. पहिला अर्थातच घड्याळाचा.