सोणाची वीणा आणि सोणाच्या वहाणा

कामाचा ताण आणि तो सोसण्याचे मनोबल या विषयावर हल्ली पुष्कळ बोलले जाते. कचेऱ्यांतून व्याख्याने होतात, विहारांतून ध्यानाची शिबिरे भरतात आणि त्यांत तथागतांचे नाव आदराने घेतले जाते. ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु पालि वाङ्मयात या विषयावरचा जो सर्वांत प्रसिद्ध प्रसंग आहे, त्याचा उत्तरार्ध या व्याख्यानांतून बहुधा गळालेला असतो. तो उत्तरार्ध तासगाव तालुक्यातील श्रमांच्या इतिहासाशेजारी ठेवून वाचावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रसंग सोण कोळिविसाचा. अंगुत्तरनिकायाच्या छक्कनिपातात तो आला आहे आणि विनयपिटकातील महावग्गाच्या चम्मक्खन्धकात अधिक विस्ताराने आला आहे. सोण हा चंपानगरीच्या श्रेष्ठीचा मुलगा. ऐश्वर्यात वाढलेला, इतका सुकुमार की त्याच्या तळपायांवरही केस होते. ते पाय पाहण्यासाठी बिंबिसाराने त्याला राजगृहास बोलावून घेतले. पुढे तो भिक्षू झाला आणि सीतवनात चंक्रमण करीत त्याने असा पराक्रम मांडला, की पाय फुटून चंक्रमणाची वाट रक्ताने माखली. इतके करूनही चित्त मुक्त होईना, तेव्हा घरी परत जावे, संपत्तीचा उपभोग घ्यावा आणि दानपुण्य करावे, असा विचार त्याच्या मनात आला. थकलेल्या माणसाच्या मनात येणारा हा अगदी स्वाभाविक विचार आहे. भगवंतांनी त्याची निर्भर्त्सना केली नाही. तो गृहस्थ असताना वीणा उत्तम वाजवीत असे, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी त्याला वीणेविषयीच विचारले. तारा फार ताणल्या तर वीणा वाजते काय? फार सैल सोडल्या तर? दोन्ही वेळा सोणाने नाही म्हटले. त्यावरून भगवंतांनी दाखवून दिले, की अतिरेकी वीर्याने चित्त विक्षिप्त होते आणि अतिशिथिल वीर्याने आळस येतो. म्हणून वीर्याची समता साधावी.

येथे एक विषयांतर क्षम्य ठरावे. सोणाची वीणा म्हणजे आजची भोपळ्याची वीणा नव्हे. ती धनुष्याकृती होती. तिच्या तारा वाकलेल्या दांड्यापासून खोलगट पेटीपर्यंत ताणलेल्या असत. भाजे येथील विहाराच्या शिल्पपटात अशी वीणा वाजविणारी आकृती आजही पाहावयास मिळते. तासगावच्या वाचकाला मात्र हा दृष्टांत समजण्यासाठी भाज्याला जाण्याची गरज नाही. जवळच मिरजेत एकोणिसाव्या शतकापासून तंबोरे आणि सतारी घडविल्या जातात. हा व्यवसाय सुरू करणारे कारागीर मूळचे शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार लावणारे. तंबोऱ्याची तार लावताना तेथील कारागीर नुसती खुंटी पिळीत नाही. घोडीवर जवारी काढतो, तारेखाली सुताचा धागा सरकवतो आणि मगच स्वर मिळवतो. तारेचे गाणे तारेइतकेच घोडीवर अवलंबून असते, हे त्याला सांगावे लागत नाही.

आता कथेचा उत्तरार्ध. उपदेशाप्रमाणे वागून सोण अर्हत् झाला. विनयातील कथा येथे थांबत नाही. अर्हत्पद मिळाल्यानंतर भगवंत त्याला म्हणतात, की तू सुकुमार आहेस, तुला एकपदरी वहाणा वापरण्याची मी अनुज्ञा देतो. सोण ती स्वीकारीत नाही. आपण ऐंशी गाड्या सोने आणि सात हत्तींचा जथा सोडून आलो; आता हा वहाणांना चिकटला, असे लोक म्हणतील. भिक्षुसंघाला अनुज्ञा मिळाली तर मीही वापरीन, अन्यथा नाही. तेव्हा भगवंतांनी संपूर्ण संघाला वहाणांची अनुज्ञा दिली.

व्याख्यानांतून गळते ते हे. चित्त मुक्त झालेल्या पुरुषाच्याही पायांना वहाणा लागतात, हे तथागतांनी मान्य केले. शिष्याचे मन तयार झाले आहे, आता पाय फुटले तरी हरकत नाही, असे ते म्हणाले नाहीत. आणि सोणाने आपल्यापुरती सवलत नाकारून सर्वांसाठी नियम करवून घेतला. वीणा मनासाठी आणि वहाणा व्यवस्थेसाठी, असे दोन्ही उपाय एकाच कथेत आहेत.

आपल्या पूर्वजांच्या वाट्याला मात्र शतकानुशतके केवळ सहनशीलतेचा उपदेश आला. तासगाव तालुका ब्रिटिश अमदानीत सातारा जिल्ह्यात मोडत असे. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याचे सांगली असे नामांतर झाले. या सर्व मुलखातील गावगाड्यात महारकी होती. चावडीची राखण, सरकारी टपाल पोहोचविणे, वसुलाची रक्कम कचेरीपर्यंत सांभाळून नेणे, अंमलदारांपुढे धावणे, मयताची वार्ता परगावी सांगणे, मेलेली जनावरे ओढणे, अशा कामांना ना दिवसाची मर्यादा होती ना रात्रीची. नेमलेला माणूस घरी नसेल तर त्याच्या घरातील दुसऱ्याला धरून नेत. मोबदला म्हणजे थोडी इनाम जमीन आणि बलुत्याचे धान्य. तेही देणाऱ्याच्या मर्जीवर. १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याने या व्यवस्थेला सरकारी चौकट दिली. कूटदन्तसुत्तात एका आदर्श यज्ञाचे वर्णन आहे. तेथील दास आणि कामकरी दंडाच्या भीतीने, रडत रडत काम करीत नव्हते. ज्यांना करावयाचे होते त्यांनी केले, ज्यांना नको होते त्यांनी केले नाही. हे वर्णन वाचून महारकीकडे वळावे, म्हणजे वेठ या शब्दाचा अर्थ शब्दकोशाशिवाय कळतो. पालि ग्रंथांतील खन्ति म्हणजे क्षमाशीलता. ती समर्थाने स्वेच्छेने आचरावयाची असते. वेठीला धरलेल्या माणसाच्या मुकाटपणाला खन्ति म्हणणे आम्हास मान्य नाही.

शेजारच्या करवीर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ साली महार वतनाची पद्धत मोडली. ब्रिटिश मुलखात तसे घडले नाही. बाबासाहेबांनी १९२७ साली ‘बहिष्कृत भारता’तून या वतनाचे स्वरूप उघड केले आणि १९२८ साली मुंबई विधिमंडळात दुरुस्तीचे विधेयक मांडले. ते पुढे मागे घ्यावे लागले. कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला आणि १९५९ पासून अंमलात आला. म्हणजे धम्मदीक्षेनंतर आणि बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर.

कामाच्या ठिकाणचा ताण काय असतो, हे बाबासाहेबांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. १९१७ साली ते बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्यांच्या अभ्यासवृत्तीला तोड नव्हती. तरीही शिपाई फायली लांबून फेकीत, राहावयास घर मिळेना, आणि अकराव्या दिवशी पारशांच्या वसतिगृहातून काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. मुंबईची गाडी येईपर्यंत त्यांनी तेथील सार्वजनिक बागेत वेळ काढला. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. ज्याच्या वीर्याविषयी शत्रूही शंका घेणार नाही, अशा पुरुषाने ती नोकरी सोडली. कार्यालयात एकाकी पडलेला आपला एखादा तरुण अधिकारी खचतो, तेव्हा त्याला मन घट्ट कर असे सांगणाऱ्यांनी बडोद्याची ती बाग आठवावी. तार तीच असते. घोडी तडकलेली असते.

या अनुभवानंतर त्यांनी केवळ आपल्यासाठी वहाणा मिळविल्या नाहीत. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते त्यांच्याकडे होते. १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतील आठवड्याचे काम ५४ तासांवरून ४८ तासांवर आले. किमान वेतनाचे विधेयकही त्यांनी त्याच वर्षी मांडले; ते १९४८ साली कायदा झाले आणि शेतमजुरीचा त्यात समावेश झाला.

कारखान्याचा भोंगा तासगावच्या शेतमजुराला मात्र ऐकू येत नव्हता. त्याचा ताण निराळा होता: उद्या काम आहे की नाही, हाच. या प्रश्नाला पहिले संघटित उत्तर तासगाव तालुक्यातच शोधले गेले. विसापूरचे वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. त्यांच्या प्रेरणेने १९६५ साली या तालुक्यात मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळात ही कल्पना राज्यभर पसरली, १९७७ साली रोजगार हमीचा कायदा संमत झाला आणि १९७९ पासून तो लागू झाला. २००५ च्या केंद्रीय कायद्यावर या प्रयोगाची छाया होती. त्या कायद्यात कामाच्या जागी पिण्याचे पाणी, मुलांसाठी सावली, विश्रांती आणि प्रथमोपचार यांची तरतूद लिहिलेली होती. आम्हास ती तरतूद वाचताना चम्मक्खन्धकाची आठवण होते. एवढे मात्र खरे, की मातीकामाची मजुरी मापावर ठरली की धट्टाकट्टा पुढे जातो आणि म्हातारा मागे राहतो.

हा दोष सिगालोवादसुत्ताच्या कर्त्यांच्या नजरेतून सुटला नव्हता. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात या सुत्ताचा आशय धनी आणि नोकर यांच्या विनयासाठी घेतला आहे. धन्याची पाच कर्तव्ये अशी: शक्तीनुसार काम, अन्न आणि वेतन, आजारपणात शुश्रूषा, विशेष पदार्थांत वाटा आणि वेळेवर सुटी. कामकऱ्यांचीही पाच कर्तव्ये त्यात आहेत, पण ती धन्याच्या कर्तव्यांनंतर येतात. हा क्रम आम्हास अर्थपूर्ण वाटतो. बुद्धघोषाचार्य अट्ठकथेत आणखी खोलात जातात. तरुणाचे काम वृद्धाला देऊ नये, वृद्धाचे तरुणाला देऊ नये, स्त्री आणि पुरुष यांच्या कामांचाही तसाच विचार करावा. आजाऱ्याकडून काम करवून न घेता औषध द्यावे. सुटीचे ते दोन प्रकार करतात: सणासुदीची आणि रोजची. दिवसभर राबून माणसे थकतात, तेव्हा ती थकण्यापूर्वी वेळ ओळखून त्यांना सोडावे, हा रोजच्या सुटीचा अर्थ.

तासगाव आज द्राक्षांचा आणि बेदाण्याचा तालुका आहे. बोरगावचे वसंतराव आर्वे यांनी निवडलेल्या तास-ए-गणेश या वाणाने त्याचे नाव दूरवर नेले. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, फवारण्या, घडांची विरळणी, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी शेडवर बेदाण्याची धांदल. द्राक्षे द्रावणात बुडवून रॅकवर पसरावयाची, गंधकाची धुरी द्यावयाची, सुकला की निवडावयाचा. निवडण्याचे काम बहुतेक बायकांचे. द्राक्षे जाळीवर असताना आभाळ भरून आले, तर बागाईतदाराचे वर्षाचे कर्ज आणि मजुराची झोप दोन्ही टांगणीला लागतात. त्या संध्याकाळी घड्याळाकडे कोणी पाहत नाही, आणि पाहावे असे आम्हीही म्हणणार नाही. परंतु हंगामात निरभ्र आभाळाचे दिवसच अधिक असतात. त्या दिवशी धुरीच्या शेडवर काम करणाऱ्याच्या नाकातोंडाला काय बांधलेले असते, खोकला लागलेल्या बाईचा त्या दिवसाचा रोज कापला जातो काय, आणि अंधार पडण्यापूर्वी वेळ ओळखून तिला कोणी सोडतो काय, हे शेडच्या दारात उभे राहून पाहता येते. या तालुक्यातील उपासकांपैकी काहीजण आता स्वतः बागाईतदार आणि शेडचे मालक आहेत. बुद्धघोषाचार्यांची ती अट्ठकथा प्रथम त्यांनी वाचावी, अशी आमची विनंती आहे.