फी भरली कुणी?

मिशनच्या कॉलेजात फीमाफीचा अर्ज भरताना माझ्या वडिलांचा हात एका रकान्यापाशी थांबला होता. रकाना होता ‘धर्म’. अब्बांनी चष्मा पुसला, माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, ‘‘पैसे देणारा कधी ना कधी काहीतरी मागतोच. हे काय मागतील?’’ मी ‘इस्लाम’ असं लिहिलं आणि अर्ज खिडकीत दिला. फी माफ झाली. बी.ए. होईपर्यंत कुणी काही मागितलं नाही. पण अब्बांचा प्रश्न माझ्याजवळ राहिला. पुढं इतिहासाची पुस्तकं चाळताना लक्षात आलं, की हा प्रश्न काही आमच्या घरचा एकट्याचा नव्हता. तो मुंबई-पुण्याच्या शिक्षणाइतकाच जुना आहे.

डॉ. जॉन विल्सन हे स्कॉटिश मिशनरी १८२९ साली मुंबईत आले. १८३२ मध्ये त्यांनी गिरगावात आंब्रोळीला इंग्रजी शाळा काढली. आजच्या विल्सन कॉलेजचं मूळ तेच. या शाळेचा भार मुख्यतः स्कॉटलंडमधल्या चर्चच्या वर्गणीवर. इथल्या पालकांना इंग्रजी हवं होतं आणि मिशनला प्रवचनासाठी कान हवे होते. दोघांचा सौदा काही वर्षं ठीक चालला. मग १८३९ साली धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी विद्यार्थ्यांनी बाप्तिस्मा घेतला. पारशी समाजात खळबळ उडाली, प्रकरण कोर्टात गेलं आणि पालकांनी मुलं भराभर काढून घेतली. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले, तेव्हा पुन्हा तेच घडलं. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपाद याला कोर्टानं वडिलांच्या ताब्यात दिलं. त्या पोराला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावं, म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी केलेली खटपट आणि तिला झालेला विरोध प्रसिद्धच आहे. म्हणजे शाळेचं पुस्तक स्वस्त होतं; पण त्याची किंमत घराला मोजावी लागेल, ही धास्ती त्या काळच्या आईबापांना होती. ती अगदीच निराधार होती, असं म्हणता येत नाही.

याच सुमाराला सरकारचा पैसा या व्यवहारात शिरला. १८५४ च्या वुडच्या खलित्यानं खासगी शाळांना अनुदान देण्याची पद्धत घातली. त्यात मिशनच्या शाळाही आल्या. त्या खलित्यात एक अट होती, तिच्याकडे आपलं सहसा लक्ष जात नाही. अनुदान हवं असेल, तर विद्यार्थ्यांकडून थोडी का होईना, फी घेतलीच पाहिजे. फुकट मिळालेल्या शिक्षणाची किंमत राहत नाही, असा त्यामागचा विचार. शाळेत धर्म काय शिकवतात, याकडे मात्र सरकारी तपासनिसानं पाहायचं नाही. तेव्हापासून कॉलेजचा खर्च तीन ठिकाणांहून येऊ लागला : चर्चची वर्गणी, सरकारचं अनुदान आणि पालकाच्या खिशातली फी. ज्याचा खिसा रिकामा, त्याच्यासाठी चौथी वाट उरली, शिष्यवृत्तीची. आणि शिष्यवृत्ती म्हटली, की देणारा आला. देणारा आला, की अट आली.

या अटीचा सर्वांत बोलका अनुभव पंडिता रमाबाईंचा. १८८२ साली वैधव्य आलं, पदरी लहानगी मनोरमा. त्याच वर्षी त्यांनी ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिलं आणि त्याच्या विक्रीतून विलायतेच्या प्रवासाचे पैसे उभे केले. १८८३ मध्ये त्या वाँटेज इथल्या ख्रिस्ती जोगिणींच्या मठात पोचल्या. तिथं राहण्या-जेवण्याचं काय? तर हिंदुस्थानात कामाला येणाऱ्या जोगिणींना रमाबाईंनी मराठी शिकवायचं आणि त्या बदल्यात मठानं त्यांचा सांभाळ करायचा. मराठीत चार ओळी लिहिणारा माणूस म्हणून मला या व्यवहाराचा फार अभिमान वाटतो. आपल्या भाषेनं त्या बाईची फी भरली होती!

पण गोष्ट तिथं संपत नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. पुढं चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात त्या शिकल्या आणि संस्कृत शिकवूही लागल्या. धर्म बदलला म्हणून बुद्धी गहाण पडली नव्हती. चर्चची मतं त्या जशीच्या तशी मानायला तयार नव्हत्या. सिस्टर जेराल्डिनशी त्यांचे पत्रांतून खडाजंगी वाद झाले. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं का, यावर हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली, तेव्हा त्या संतापल्या. ज्यांनी अन्न दिलं त्यांच्याशी भांडायचं, ही साधी गोष्ट नव्हे. विशेष म्हणजे पुढं १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढताना त्या स्वतः देणाऱ्याच्या बाजूला उभ्या होत्या. पैसा अमेरिकेतल्या ख्रिस्ती माणसांचा, मुली हिंदू घरांतल्या, आणि शब्द दिला होता धर्मात ढवळाढवळ न करण्याचा. काही मुली बाईंच्या प्रार्थनेला बसतात असं कळलं, तेव्हा गदारोळ झाला आणि १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले. दार उघडं ठेवून प्रार्थना करणं ही ढवळाढवळ की नाही? या प्रश्नावर अजूनही दोन मतं पडतील.

आता याच्या अगदी उलट एक उदाहरण सांगतो. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे जमखंडीचे. घरची गरिबी. पुण्यात फर्ग्युसनमध्ये शिकले ते शिष्यवृत्त्यांच्या आधारावर. १९०१ साली त्यांना ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्माचा अभ्यास करण्यासाठी युनिटेरियन ख्रिस्ती मंडळींची शिष्यवृत्ती मिळाली. शिंदे प्रार्थना समाजाचे. ते ख्रिस्ती नव्हते, होणारही नव्हते, आणि देणाऱ्यांना ते ठाऊक होतं. तिथं एस्टलिन कार्पेंटरसारख्या विद्वानांकडून ते धर्मांचा तुलनात्मक अभ्यास शिकले, पाली आणि बौद्ध धर्माकडे वळले. १९०३ मध्ये परत आले ते प्रार्थना समाजाचे प्रचारक म्हणून काम करायला, आणि १९०६ मध्ये त्यांनी अस्पृश्यांसाठी डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढलं. ‘मिशन’ हा शब्द राहिला; पण बाप्तिस्मा त्यात नव्हता.

हे कॉलेज एवढं उदार का होतं? त्याचं उत्तर त्याच्या जन्मात आहे. एके काळी ऑक्सफर्डला प्रवेश घ्यायचा, तर इंग्लंडच्या अधिकृत चर्चच्या मतांवर सही करावी लागे. ज्यांना ती सही करवेना अशा ख्रिस्ती लोकांनीच १७८६ साली मँचेस्टरला आपली वेगळी संस्था काढली. धर्माच्या या अटी विद्यापीठांतून १८७१ मध्ये गेल्या आणि १८८९ मध्ये ही संस्था ऑक्सफर्डला आली. ज्यांना स्वतःला दाराबाहेर उभं केलं होतं, त्यांनी दार बांधलं ते बिनकुलपाचं. शिकवणाऱ्यालाही तिथं मताची सक्ती नव्हती आणि शिकणाऱ्यालाही.

आणि अट घालणारे फक्त पाद्रीच असतात, असं कुणी समजू नये. १९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर अमेरिकेला गेले, ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षं. बदल्यात दहा वर्षं बडोद्याची चाकरी करण्याचा करार. करार पाळायला ते १९१७ मध्ये बडोद्याला गेले, तर त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना! शिष्यवृत्ती देणारा राजा मोठ्या मनाचा होता. गाव तसं नव्हतं. फी भरणारा एक असतो आणि जगू देणारे दुसरेच असतात, हे त्यावरून कळतं.

आपल्या घटनेनं या जुन्या भांडणातून शहाणपण घेतलेलं दिसतं. अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था चालवण्याचा हक्क तिसाव्या कलमानं दिला. पण सरकारी मदत घेणाऱ्या संस्थेत धर्माच्या किंवा जातीच्या कारणावरून प्रवेश नाकारता येणार नाही, हे एकोणतिसाव्यात सांगितलं. आणि विद्यार्थ्याच्या, तो लहान असेल तर पालकाच्या, संमतीशिवाय त्याला धर्मशिक्षणाला वा प्रार्थनेला बसवता येणार नाही, हे अठ्ठाविसाव्यात. आंब्रोळीच्या शाळेतून पोरं ओढून नेणाऱ्या बापांना हेच तर हवं होतं.

म्हणून मुलाला किंवा मुलीला मिशनच्या, ट्रस्टच्या, दर्ग्याच्या नाहीतर देवस्थानच्या पैशावर शिकवणाऱ्या पालकांना माझं सांगणं एवढंच, की लाजू नका, पण विचारा. पैसा कुणाचा आहे? तो माफी आहे की कर्ज? फीपुरता आहे की वसतिगृह-जेवणासकट? एखाद्या वर्षी मार्क कमी पडले तर थांबणार का? आणि बदल्यात काय हवं आहे : चाकरी, हजेरी की श्रद्धा? चाकरी फेडता येते. हजेरी लावता येते. श्रद्धा मात्र मागून मिळत नाही आणि पैशानं तर नाहीच.

अब्बांचा प्रश्न चुकीचा नव्हता. फक्त तो त्यांनी मला हळूच विचारला. खिडकीपलीकडच्या माणसाला मोठ्यानं विचारायला हवा होता. माझी खात्री आहे, उत्तर चांगलंच मिळालं असतं. आणि त्या रकान्यापाशी त्यांचा हात थांबला नसता.