चुलीपासून एसटीपर्यंत : पंचायतीने दिलेलं काय टिकलं, काय मोडलं

ग्रामसभेत आता पर्यावरण हा शब्द नेहमी ऐकू येतो. सौर दिवे, ओला-सुका कचरा, झाडं, विजेवरच्या गाड्या, बरंच काही बोललं जातं. ऐकताना वाटतं की हे सगळं नवीनच आलंय. पण आपल्या घरातली चूल, गोठ्यातलं शेण, मुलींची शाळेची वाट यांच्याशी जिल्हा परिषद आणि पंचायत समितीचा संबंध साठ वर्षांचा आहे. या साठ वर्षांत बऱ्याच वस्तू आपल्या दारात आल्या. काही अजून चालू आहेत, काही अंगणात गंजून गेल्या. असं का झालं, ते आज आपण बघू. गावाच्या आराखड्यात पुढच्या वर्षासाठी काय मागायचं हे ठरवताना ही माहिती उपयोगी पडेल.

आधी जुन्या काळाकडे जाऊ. नीरा डाव्या कालव्याचं पाणी १८८० च्या दशकात या भागात आलं. तेव्हापासून बारामती आणि इंदापूर तालुक्यांचे दोन भाग पडले, एक बागायत आणि दुसरा जिरायत. कालव्याच्या बाजूला ऊस आला, पुढे साखर कारखाने आले. जिरायतीला पावसाची वाट बघणंच राहिलं. सरपणाची ओढ मात्र दोन्हीकडे होती. जिरायतीतल्या बायका तुराट्या, बाभळीचे फाटे आणि गोवऱ्यांवर चूल पेटवायच्या. बागायतीत पाचट पुष्कळ, पण ते भसकन पेटतं आणि लगेच विझतं, त्यावर भाकरी होत नाही. शेण शेतात टाकायचं की चुलीत घालायचं, हा प्रश्न दोन्हीकडच्या घरांत रोजचा होता.

१ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या. शेती, आरोग्य, शाळा, गावचे रस्ते अशी कामं त्यांच्याकडे आली. साधारण त्याच काळात खादी ग्रामोद्योग आयोगाने गोबरगॅसचा प्रसार हाती घेतला. जशभाई पटेल यांनी तयार केलेला तो नमुना होता. खाली विटांची विहीर आणि वर लोखंडी टाकी. गॅस भरला की टाकी वर उचलली जायची, वापरला की खाली बसायची. शेण एक, पण कामं दोन झाली. चूल पेटायची आणि उरलेली स्लरी शेतात खत म्हणून जायची. शेतात की चुलीत, या जुन्या प्रश्नाचं ते उत्तर होतं.

पण ती टाकी महाग होती, आणि दरवर्षी रंग दिला नाही तर गंजायची. १९७३ नंतर जगात तेलाचे भाव भडकले आणि सरकारचं लक्ष पुन्हा शेणाकडे वळलं. १९८१-८२ मध्ये बायोगॅसचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. १९८४ मध्ये ‘दीनबंधू’ नावाचा नमुना आला. त्यात लोखंडी टाकी नाही, विटा-सिमेंटचा घुमट जमिनीत बांधायचा. खर्च कमी झाला, गंजायचा प्रश्न मिटला. जिल्हा परिषदेच्या कृषी विभागाकडून अनुदान मिळायचं आणि अर्ज पंचायत समितीत द्यायचा. पुष्कळ घरांत गोबरगॅस आला तो याच वाटेने.

मग त्यातले कितीतरी बंद का पडले? हिशेब साधा आहे. एक घनमीटर गॅसला रोज साधारण २५ किलो शेण लागतं. चार-पाच माणसांच्या घराला दोन घनमीटरचं संयंत्र लागतं, म्हणजे रोज ५० किलो शेण आणि जवळपास तेवढंच पाणी. त्यासाठी दावणीला चार-पाच जनावरं हवीत. आता बघा, अर्ज घरधन्याच्या नावावर, अनुदान त्याच्या खात्यावर, आणि संयंत्र केवढं बांधायचं तेही तोच ठरवणार. पण रोज शेण कालवायचं, पाणी आणायचं आणि नळीत साठलेलं पाणी काढायचं काम घरच्या बाईचं. जिरायत गावात उन्हाळ्यात प्यायलाच टँकर लागतो, तिथे शेण कालवायला दोन-तीन कळश्या रोज कुठून आणायच्या? दुष्काळात जनावरं विकली की संयंत्र रिकामं. जिथे दुधाचा धंदा टिकला आणि दाराशी पाणी आलं, तिथे गोबरगॅसही टिकला. म्हणजे यंत्र चांगलंच होतं, पण ते कोण चालवणार हे अर्ज भरताना कुणी विचारलं नव्हतं.

विचारून केलं तर काय होतं, त्याचं उदाहरण आपल्याच पुणे जिल्ह्यात आहे. तुकोबांची पालखी दरवर्षी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर करत पंढरपूरला जाते. ती निघते देहूहून. त्या देहूत १९५९ मध्ये डॉ. सुहास मापुस्कर सरकारी दवाखान्यात डॉक्टर म्हणून आले. गावात संडास नव्हते, पोटाचे आजार फार. त्यांनी सुरुवातीला काही संडास बांधून घेतले, ते पहिल्याच पावसाळ्यात कोसळले. डॉक्टर थांबले नाहीत. कोकणात आप्पासाहेब पटवर्धनांनी कमी खर्चाचे संडास बनवले होते, ते त्यांनी समजून घेतले. गावात बैठकांवर बैठका घेतल्या, ग्रामपंचायतीला बरोबर घेतलं. पुढे संडासाला जोडलेला ‘मलप्रभा’ हा गॅसचा नमुना तयार केला. एका वर्षात आकडा गाठायचा अशी घाई केली नाही, कित्येक वर्षं ते त्याच गावात तेच काम करत राहिले. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. देहूत जे टिकलं ते दुरुस्ती करणारा माणूस गावातच राहिला म्हणून टिकलं.

आता चुलीकडे येऊ. १९८३ मध्ये देशभर सुधारित चुलीचा कार्यक्रम सुरू झाला. धुराडं असलेली, कमी सरपण खाणारी, बिनधुराची चूल अनुदानावर घरोघर बसवायची. २००२ पर्यंत देशात साडेतीन कोटींच्या आसपास चुली बसल्या. एवढ्या चुली आज कुठे आहेत? तुमच्या सासूबाईंना विचारून बघा. बऱ्याच जणी सांगतील की एक-दोन वर्षांत पाडली आणि पुन्हा आपली जुनी चूल घातली. धुराड्यात काजळी साठायची. ते साफ कसं करायचं हे कुणी दाखवलेलं नसायचं. चुलीचं तोंड बारीक, म्हणून सरपण बारीक फोडावं लागायचं, ते काम वाढलं. आणि भाकरी? तव्यावरून काढलेली भाकरी चुलीच्या तोंडाशी निखाऱ्याला लावली की फुगते. तोंडच बंद झालं तर भाकरी कुठे फुगवायची? कागदावर चूल बसली की काम झालं असं धरलं जायचं. ती पेटते का, हे मोजायला कुणी परत आलं नाही.

त्याच काळात पुण्यातल्या ‘आरती’ या संस्थेने दुसऱ्या बाजूने विचार केला. डॉ. आनंद कर्वे आणि त्यांचे सहकारी तिथे काम करत होते. ऊस तोडल्यावर पाचट शेतातच जाळतात. त्याचा धूर गावभर होतो आणि जमिनीतला जीव जळतो. या पाचटापासून कोळसा आणि त्याच्या कांड्या करायची पद्धत त्यांनी बसवली. २००२ मध्ये या कामाला लंडनचा अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. पुढे २००६ मध्ये खरकट्यावर चालणाऱ्या छोट्या बायोगॅसलाही तोच पुरस्कार मिळाला. दावणीला जनावरं नसलेल्या घराला हा छोटा गॅस उपयोगी आहे. आपल्या भागात पाचट भरपूर आहे. ते जाळण्याऐवजी सरीत कुजवलं तरी जमीन सुधारते आणि धूर टळतो.

२०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली आणि बऱ्याच घरांत बायकांच्या नावावर गॅस जोडणी झाली. नाव बाईचं लागलं, हा मोठा बदल होता. पण सिलिंडर भरायचे पैसे महिन्याला लागतात. म्हणून चहा-भाजी गॅसवर, आणि भाकरी व आंघोळीचं पाणी चुलीवर, असं आजही अनेक घरांत चालतं. धूर पूर्ण गेलेला नाही. तो आपल्याच छातीत जातो, आणि चुलीपाशी बसलेल्या लेकरांच्याही.

प्रवासाची गोष्टही अशीच आहे. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी पहिली एसटी धावली. बरोबर ७४ वर्षांनी, १ जून २०२२ ला, त्याच मार्गावर विजेवर चालणारी ‘शिवाई’ सुरू झाली. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीचं तिकीट निम्मं झालं. ग्रामीण भागातल्या मुलींना शाळेसाठी अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत पास मिळतो. चाळीस-पन्नास माणसं एका गाडीतून गेली तर तेवढ्या मोटारसायकलींचा धूर वाचतो. म्हणजे एसटीत बसणारी बाई पर्यावरणाचं काम करतेच आहे, फक्त तिला तसं कुणी म्हणत नाही.

एसटी महामंडळाची आहे. पण गावचा रस्ता, फाट्यावरची निवाऱ्याची शेड, तिथला दिवा, या गोष्टी जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायतीच्या हातातल्या आहेत. जिल्हा परिषदेला आपल्या उत्पन्नातले दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. शाळेच्या मुलींना सायकली मिळतात त्या याच पैशातून. सायकलमुळे कितीतरी मुलींची शाळा सुटली नाही. पण पंक्चर काढणारं गावात कुणी नसेल, किंवा रस्ता खडीचा असेल, तर ती सायकल भिंतीला टेकून राहते. गोबरगॅसचं जे झालं तेच तिचं होतं.

२००० मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आलं. २०१० मध्ये पर्यावरण संतुलित समृद्ध ग्राम योजना आली. त्यात झाडं, स्वच्छता, प्लास्टिकबंदी आणि करवसुलीवर गावाला पैसे मिळायचे. २ ऑक्टोबर २०२० ला ‘माझी वसुंधरा’ सुरू झालं. ते भूमी, जल, वायू, अग्नी आणि आकाश या पाच तत्त्वांवर गावाला गुण देतं. पंधराव्या वित्त आयोगानेही २०२१ ते २०२६ या काळात ग्रामपंचायतीच्या निधीतला साठ टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधून दिला. पुणे महानगरपालिका तर सौर बंब, गांडूळखत किंवा पावसाचं पाणी जिरवणं यांतलं काही घरात केलं की मिळकतकरात सूट देते. संभाजीनगरजवळच्या पाटोदा ग्रामपंचायतीने वेळेवर कर भरणाऱ्या घरांना दळण मोफत करून दिलं. म्हणजे पंचायतीने मनावर घेतलं तर मदत करायच्या वाटा पुष्कळ आहेत.

आणि आता पंचायत आपलीही आहे. ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ मध्ये बायकांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी असा नियम आहे. पण कितीतरी गावांत ही सभा रजिस्टरमध्ये अंगठे-सह्या घेऊन उरकली जाते. पूर्वी चूल कागदावर बसायची, तशी आता सभा कागदावर भरते.

म्हणून आमचं सांगणं एवढंच आहे. पुढच्या महिला सभेत गटाने एकत्र जायचं. पंचायत कोणतीही वस्तू देणार असेल, सौर दिवा, बायोगॅस, सायकल किंवा कचऱ्याचे डबे, तर तीन प्रश्न विचारायचे आणि उत्तरं ठरावात लिहून घ्यायची. ही वस्तू रोज कोण वापरणार, आणि तिला विचारलं का? बिघडली तर दुरुस्त कोण करणार, आणि त्याचे पैसे कुठल्या निधीतून? वर्षभराने ती चालू आहे का, हे कोण येऊन बघणार? दुरुस्तीचं काम शिकायला आपल्या गटातल्या दोन मुलीही तयार करता येतील, त्यांना चार पैसे मिळतील. बायोगॅस मागण्याआधी दावणीची जनावरं आणि दारातलं पाणी मोजा. एसटीची वेळ चुकीची असेल तर ग्रामसभेचा ठराव करून आगारात द्या, एकटीचा अर्ज देऊ नका.

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखांच्या आसपास ग्रामसभा होतात. त्याआधी आठ दिवस गटाच्या बैठकीत हा विषय घ्या. अंगणात बंद पडलेलं जे काही आहे त्याची यादी करा. त्यातलं दुरुस्त होण्यासारखं काय आहे, तिथूनच मागणीला सुरुवात करा.