विजेची गिटार, तिची खरखर आणि नॉइज गेट

ध्वनि मोठा करणारें कोणतेंही यंत्र त्याच्या स्वाधीन केलेला नाद जेवढा वाढवितें, तेवढाच न मागितलेला नादही वाढवितें. रेडिओची खरखर ज्यांनीं ऐकली आहे त्यांना हें नव्यानें सांगावयास नको. विजेच्या गिटारच्या बाबतींत मात्र ही अडचण विशेष जाचक ठरते. वादकाचा हात तारांवर फिरत असेपर्यंत ती झांकली जाते. परंतु हात थांबला कीं, ज्या क्षणीं शांतता हवी नेमक्या त्याच क्षणीं अँप्लिफायर घुं-घुं किंवा सूं-सूं करूं लागतो. ती थांबविण्यासाठीं नॉइज गेट नांवाची एक लहानशी पेटी बाजारांत मिळते, आणि बेताची ऐपत असलेला हौशी वादक साहजिकच विचारतो कीं, स्वस्तांतली चांगली कोणती? या प्रश्नाचें उत्तर एखाद्या कारखान्याचें नांव सांगून पुरें होत नाहीं. ही खरखर कोठून आली आणि ती घालविण्याचे कोणते उपाय गेल्या नव्वद वर्षांत झाले, हें पाहिलें म्हणजे उत्तर आपोआप हातीं येतें. आणि त्या उपायांपैकीं एक प्राणावर बेतणारा आहे, हेंही ध्यानांत येतें.

विजेची गिटार जन्मास आली ती अमेरिकेंत, लॉस एंजेलिस शहरीं. त्या काळच्या नृत्यगृहांतील वाद्यवृंदांत पितळी वाद्यांच्या गजरापुढें गिटारचा कोमल आवाज लोपून जात असे. जॉर्ज बीचम व ॲडॉल्फ रिकनबॅकर यांनीं १९३१-३२ च्या सुमारास ॲल्युमिनियमची एक गिटार सिद्ध केली. ती लांब दांड्याच्या तव्यासारखी दिसे, म्हणून तिला 'फ्राइंग पॅन' हेंच नांव पडलें. बीचमनें १९३४ सालीं पेटंटसाठीं अर्ज केला व १९३७ सालीं तें मिळालें. युक्ति सोपी होती. पोलादी तारांजवळ लोहचुंबक ठेवावयाचा व बारीक तांब्याच्या तारेचें वेटोळें बसवावयाचें. तार कंप पावली कीं चुंबकक्षेत्र हलतें आणि वेटोळ्यांत क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. या योजनेस पिकप म्हणतात. १९३६ सालीं गिब्सन कारखान्यानें ईएस-१५० ही गिटार आणली, आणि १९३९ पासून बेनी गुडमनच्या वृंदांत चार्ली ख्रिश्चननें ती वाजवून गिटारला एकलवादनाचा मान मिळवून दिला.

परंतु तांब्याच्या वेटोळ्याला आपलें आणि परकें कळत नाहीं. भिंतींतून जाणाऱ्या तारा, ट्रान्स्फॉर्मर, दिवे मंद करणारीं बटनें, यांच्याभोंवतीं जें चुंबकक्षेत्र सतत पालटत असतें तेंही वेटोळें तितक्याच तत्परतेनें टिपतें. अमेरिकेंत घरगुती वीज सेकंदास ६० आवर्तनें करते, तर युरोपांत व भारतांत ५०. म्हणून ही घुं-घुं तिकडे थोडी चढी व इकडे थोडी उतरी ऐकूं येते. अँप्लिफायरच्या वीजपुरवठ्यांतील दोषामुळें जी घुं-घुं होते ती बहुधा याच्या दुप्पट आवर्तनांची, म्हणजे भारतांत १०० ची असते.

सूं-सूं ची कथा निराळी आहे. १९१८ सालीं वॉल्टर शॉट्की या जर्मन शास्त्रज्ञानें दाखविलें कीं, व्हॉल्व्हमधील प्रवाह सुटे सुटे इलेक्ट्रॉन मिळून झालेला असल्यामुळें त्यांत अंगभूत अस्थिरता असते. पुढें १९२८ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेच्या जॉन जॉन्सन व हॅरी नायक्विस्ट यांनीं सिद्ध केलें कीं, कोणत्याही रोधकांतील इलेक्ट्रॉन केवळ उष्णतेमुळें अस्वस्थ हालचाल करीत राहतात आणि ती हालचाल मोठी केली म्हणजे ऐकूं येते. याचा अर्थ असा कीं, घुं-घुं हा बाहेरून आलेला पाहुणा असून तो दाराबाहेर ठेवतां येतो. सूं-सूं ही घरांतलीच असते. ती कमी करतां येईल, पण नाहींशी करतां येणार नाहीं.

पहिल्या शत्रूवर गिब्सनच्या सेथ लव्हर या अभियंत्यानें चांगला तोडगा काढला. त्यानें दोन वेटोळीं शेजारीं शेजारीं बसविलीं आणि दोहोंचे चुंबकध्रुव व जोडणी परस्परांच्या उलट ठेवली. त्यायोगें तारेचा नाद दोन्ही वेटोळ्यांतून मिळून एकत्र येतो, पण बाहेरची घुं-घुं एकमेकींस छेदून जाते. अर्ज १९५५ सालीं झाला, १९५७ मध्यें हे पिकप गिटारांवर बसूं लागले व १९५९ सालीं पेटंट मिळालें. मात्र या शांततेची किंमत स्वरांत द्यावी लागली. दुहेरी पिकपाचा आवाज भरदार पण कांहींसा मवाळ असतो. १९५४ सालीं आलेल्या फेंडर स्ट्रॅटोकास्टरच्या एकेरी पिकपाचा लखलखीत स्वर त्यांत येत नाहीं. म्हणून असंख्य वादकांनीं घुं-घुं पतकरली, पण तो स्वर सोडला नाहीं.

यानंतर रुचीच पालटली. १९६१ सालीं निघालेल्या मार्टी रॉबिन्सच्या 'डोंट वरी' या गाण्यांत ध्वनिमुद्रणयंत्राच्या एका बिघाडामुळें गिटारचा आवाज फाटला, आणि लोकांना तो फाटलेला आवाजच आवडला. १९६२ सालीं तो मुद्दाम उत्पन्न करणारी मेस्ट्रो फझ-टोन ही पेटी विक्रीस आली. त्याच वर्षीं लंडनमध्यें जिम मार्शल यांच्या दुकानांत त्यांचा पहिला अँप्लिफायर तयार झाला, आणि १९६५ च्या सुमारास पीट टाउनशेंड यांच्यासारख्या वादकांच्या आग्रहावरून १०० वॅटचे अँप्लिफायर बनूं लागले. फाटलेल्या आवाजाचें रहस्य असें कीं, मोठ्या लहरींचे शेंडे छाटले जातात आणि लहान लहरी वर उचलल्या जातात. ६० डेसिबलनें वाढ करणें म्हणजे विद्युद्दाब हजारपट करणें. अशा वेळीं जोराच्या सुराला वर चढण्यास जागा उरत नाहीं, पण मागची खरखर मात्र हजारपट होऊन त्याच्या बरोबरीस येऊन बसते. वादकाला जो आवाज हवा, त्याच्याच पोटीं हा त्रास जन्मला.

येथें त्या प्राणघातक उपायाची हकीकत सांगणें अवश्य आहे. दोन यंत्रें तारेनें एकमेकांस जोडलेलीं असून दोन्हींना स्वतंत्र अर्थिंग असलें, म्हणजे त्यांत एक वर्तुळ तयार होतें व घुं-घुं सुरू होते. प्लगाची अर्थिंगची तार काढून टाकली तर ती तत्काळ थांबते, आणि या उपायास पैही पडत नाहीं. परंतु यंत्रांत बिघाड होऊन वीज त्याच्या धातूच्या अंगावर आली, तर तिला जमिनींत उतरण्यास वादकाच्या देहावांचून वाट उरत नाहीं. एका हातीं गिटारच्या तारा व ओठांशीं मायक्रोफोन अशी त्याची स्थिति असते. ३ मे १९७२ रोजीं वेल्समधील स्वान्सी येथें स्टोन द क्रोज या वृंदाचा तरुण गिटारवादक लेस हार्वे याचा भर रंगमंचावर मायक्रोफोनला स्पर्श होऊन विजेच्या धक्क्यानें मृत्यु झाला. यंत्रणेचें अर्थिंग सदोष होतें. स्वस्त शांततेचा विचार करणाऱ्यानें ही तारीख विसरूं नये.

नॉइज गेटची कल्पना गिटारच्या जगाबाहेर वाढली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांतील रेडिओसंचांत, संदेश येत नसेल तेव्हां आवाजच बंद करणारी योजना होती. १९४७ च्या सुमारास अमेरिकेंत हर्मन स्कॉट यांनीं ग्रामोफोनच्या तबकडीची खरखर दाबणारें यंत्र बनविलें. संगीत मंद झालें कीं तें खरखरीचा प्रांत आपोआप आवळून घेई. रे डॉल्बी हे १९६३ ते १९६५ या काळांत युनेस्कोचे तांत्रिक सल्लागार म्हणून भारतांत होते. येथून गेल्यावर १९६५ सालीं त्यांनीं लंडनमध्यें प्रयोगशाळा काढून ध्वनिफितीची सूं-सूं कमी करणारी आपली विख्यात पद्धति प्रसिद्ध केली. परंतु तिच्यांत ध्वनि मुद्रित करतांना एक व ऐकतांना दुसरा असा दुहेरी संस्कार लागतो. गिटारचा नाद तर वाजतांक्षणींच ऐकावयाचा असतो. त्याला उपयोगी पडलें तें दार लावण्याचेंच तत्त्व. १९७० च्या सुमारास पॉल बफ यांच्या ॲलिसन रिसर्चचें केपेक्स हें यंत्र ध्वनिमुद्रणगृहांत आलें, १९८२ सालीं इंग्लंडमध्यें ड्रॉमर डीएस २०१ निघालें, आणि १९८७ सालीं बॉस कंपनीचें एनएस-२ हें पायाशीं ठेवण्याजोगें लहान यंत्र निघालें.

हें यंत्र देवडीवरच्या पहारेकऱ्यासारखें वागतें. येणाऱ्या नादाची पातळी तें सतत मोजतें. पातळी ठरलेल्या उंबरठ्याच्या वर असली तर दार उघडें, खालीं गेली कीं बंद. उंबरठा कोठें असावा तें 'थ्रेशोल्ड' या कळीनें ठरतें, आणि दार धाडकन लागावें कीं हळुहळू, तें 'डिके' किंवा 'रिलीज' या कळीनें. यावरून या यंत्राची मर्यादाही स्पष्ट होते. सूर वाजत असतां दार उघडें असतें, आणि सुराबरोबर खरखरही आंत शिरते. नॉइज गेट खरखर नाहींशी करीत नाहीं. तें केवळ विरामांचें रक्षण करतें. उंबरठा फार उंच ठेवला तर लांबविलेल्या सुराची शेपटी मध्येंच तुटते आणि हळुवार वाजविलेले सूर उमटतच नाहींत.

मग स्वस्तांतलें यंत्र निवडावें कसें? पैसे खर्च करण्यापूर्वीं गिटारवरील आवाजाची कळ शून्यावर न्यावी. खरखर बहुतेक थांबली, तर ती गिटारकडून येत आहे. अशा वेळीं दिव्यांपासून व ट्रान्स्फॉर्मरपासून दूर बसणें, चांगली केबल घेणें व गिटारच्या आंतील कप्प्यास धातूचें अस्तर लावणें, यांत थोडक्यांत पुष्कळ साधतें. खरखर तशीच राहिली, तर ती मधल्या पेट्यांची किंवा अँप्लिफायरची आहे. अँप्लिफायरची मुख्य कळही शून्यावर नेऊन घुं-घुं कायम असेल, तर दोष वीजपुरवठ्याच्या भागांत असावा, आणि तेथें कोणतेंही गेट उपयोगी नाहीं. तें काम जाणत्या कारागिराचें होय. व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरमध्यें बटन बंद केल्यावरही शेंकडों व्होल्टचा साठा राहूं शकतो.

एवढें करून उरलेल्या खरखरीसाठीं गेट घ्यावें. त्यावर निदान थ्रेशोल्ड व डिके अशा दोन स्वतंत्र कळा असाव्यात. एकाच कळीच्या यंत्रांत सुराची शेपटी सांभाळणें कठीण जातें. अँप्लिफायरला मागील बाजूस सेंड व रिटर्न अशीं छिद्रें असतील, तर गेटलाही तशीं असलेलीं बरीं. त्यायोगें यंत्र मोजणी गिटारच्या स्वच्छ नादावरून करतें आणि दार मात्र आवाज वाढविणाऱ्या पहिल्या भागाच्या पुढें लावतें; म्हणून तें चुकत नाहीं. अँप्लिफायरला तशी सोय नसेल, तर गिटार व अँप्लिफायर यांच्यामध्यें ठेवलेलें महाग गेटसुद्धां अँप्लिफायरची स्वतःची सूं-सूं थांबवूं शकणार नाहीं, आणि तेथें अधिक पैसे घालणें व्यर्थ होय. यंत्राला लागणारा वीजपुरवठा योग्य दाबाचा व योग्य ध्रुवांचा असावा, नाहीं तर खरखर थांबविणारी पेटीच नवी खरखर घेऊन येते. दुकानांत परीक्षा करतांना जोराचा सूर वाजवून भागत नाहीं. एकच तार हलकेच छेडून तिचा नाद विरेपर्यंत ऐकावी. तो नाद अखेरपर्यंत विरून मग दार लागलें, तर यंत्र चांगलें, मग त्यावर नांव कोणाचेंही असो.

बीचमच्या वेटोळ्यापासून पायाशीं ठेवलेल्या या पेटीपर्यंत प्रत्येक उपायानें कांहीं दिलें आणि कांहीं घेतलें. लव्हरच्या पिकपानें स्वराची धार घेतली, गेट सुराची शेपटी घेऊं पाहतें. यांतील कोणता व्यवहार परवडतो तें वादकानें आपल्या कानानें ठरवावें. अर्थिंगच्या तारेचा मात्र व्यवहार करूं नये. ती जागच्या जागीं ठेवून जेवढी शांतता मिळेल, तेवढीच हौशी वादकाला परवडण्यासारखी आहे.