लग्नातला पाहुणा आणि कॅमेऱ्याचा इतिहास

लग्नातला फोटो ही किरकोळ बाब मानली जाते. पण फोटो कुणाचा निघाला, कुणी काढला आणि कुणाच्या घरी राहिला, हे तीन प्रश्न विचारले की विषमतेचा सारा इतिहास समोर येतो. पाम, बोईसर, पालघर या पट्ट्यातल्या लग्नांना मी पाहुणा म्हणून जातो. तिथे प्रत्येक हातात मोबाईल दिसतो. म्हणून हा इतिहास आता पाहुण्यानेच समजून घ्यायला हवा, असे मला वाटते.

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली 1854 साली. कॅमेरा इथे आला तो साहेबाच्या आणि सधनांच्या हातात. विल्यम जॉन्सनने मुंबईतल्या जातीजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड 1863 आणि 1866 साली काढले. पुढे 1868 ते 1875 या काळात सरकारने ‘पीपल ऑफ इंडिया’ हा आठ खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातला माणूस हा बहुतेक वेळा जातीचा नमुना आहे. खाली जातीचे नाव असते. आईबापांनी ठेवलेले नाव क्वचितच. चेहरा घेतला आणि माणूस वगळला!

तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या या भागात तर लग्न हीच गुलामीची वाट होती. लग्नासाठी सावकार-जमीनदाराकडून कर्ज घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत नवराबायकोने त्याच्याकडे राबायचे, याला ‘लग्नगडी’ म्हणत. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (1970) या पुस्तकात हे जिणे नोंदले आहे. 1945 च्या वारल्यांच्या उठावाने या प्रथेवर घाव घातला. वेठबिगारी कायद्याने रद्द झाली ती 1976 साली. ज्या लग्नातून माणूस गहाण पडत होता, त्याचा फोटो कोण काढणार? आपल्या कितीतरी घरांत आजोबा-पणजोबांच्या लग्नाचा एकही कागद नसतो, त्याचे कारण हे आहे.

तरीही वारली लग्नाला चित्र नव्हते असे नाही. घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सवाशिणी चौक लिहितात, त्यात पालघट देवी असते आणि धवलेरी गाऊन लग्न लावते. चौकाशिवाय लग्न लागत नाही. हे चित्र बायकांच्या हातचे आणि बायकांच्या अधिकारातले आहे. म्हणून चौकाचा फोटो घेण्याआधी घरच्या बायकांना विचारावे. फ्लॅश समोरून मारू नये. दारातून तिरपा येणारा उजेड पुरतो. त्यात पिठाची रेघही दिसते आणि लिहिणारीचा हातही.

1956 च्या धर्मांतरानंतर बौद्ध पद्धतीचे लग्न आले. पांढरी साडी, पांढरा सदरा, समोर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी. इथे कॅमेऱ्याची अडचण कळून घ्यावी लागते. पांढरे कपडे चौकटभर असले की कॅमेरा उजेड फार आहे असे समजून चित्र अंधारे करतो आणि सावळे चेहरे काळवंडतात. दोष चेहऱ्याचा नसतो. रंगीत फिल्मच्या काळात कोडॅक कंपनी प्रिंटचे रंग जुळवायला जो नमुना पाठवी, त्यावर वर्षानुवर्षे गोऱ्या बाईचाच चेहरा होता. तेव्हा मोबाईलच्या पडद्यावर चेहऱ्यावर बोट ठेवा, उजेड थोडा वाढवा. गोरेपणा आणणारे फिल्टर बंद करा. तसबिरीच्या काचेवर फ्लॅशचा पांढरा गोळा उमटून बाबासाहेबांचा चेहराच पुसला जातो, म्हणून थोडे बाजूला उभे राहा.

आग्फा क्लिक थ्री हा कॅमेरा आपल्या देशात बडोद्याला बनत असे. त्याच्या एका रोलात बारा फोटो निघत. बारांत वधूवर, दोन्हीकडचे मानकरी आणि आहेर देणारे बसत. आचारी, वाजंत्री, भांडी घासणाऱ्या बाया, मांडवाच्या कडेला बसलेली म्हातारी बाराच्या बाहेर. आज फोटोंना मर्यादा उरलेली नाही. तरी आपण पुन्हा तेच बारा फोटो शंभरदा काढतो. स्टेजपुढे गर्दी करून पैसे देऊन बोलावलेल्या फोटोग्राफरची वाट अडवतो. त्याला त्याचे काम करू द्यावे. ज्याने पैसे दिले त्याच्या मर्जीप्रमाणे त्याला फोटो काढावे लागतात. पाहुण्यावर ती सक्ती नाही. म्हणून पाहुण्याने मांडवाच्या कडेला जावे. तिथे सावली आणि मोकळा उजेड एकत्र मिळतो, डोळे मिचकावे लागत नाहीत. चार पावले जवळ जावे, बसलेल्या माणसासमोर आपणही खाली बसावे, कारण वरून काढलेल्या फोटोत माणूस लहान दिसतो. आणि आधी विचारावे. ‘आजी, फोटो काढू का?’ एवढे पुरे. नको म्हटले तर नको. जॉन्सनच्या काळापासून आपल्या लोकांना ‘नको’ म्हणायची सोय क्वचितच मिळाली आहे.

फोटो काढून काम संपत नाही. मोबाईल बिघडतो आणि त्याबरोबर फोटोही जातात. निवडक दहा फोटो कागदावर छापून घ्या. मागे पेन्सिलीने नाव, गाव, पाडा, तारीख लिहा. ज्याचा फोटो, त्याच्या हाती एक प्रत द्या, आचाऱ्यालासुद्धा. विद्यार्थ्यांनी आपल्या वस्तीतले जुने फोटो मांडून म्हाताऱ्यांना नावे विचारावीत आणि ती लिहून ठेवावीत. नावे सांगणारी माणसे आहेत तोवरच हे काम होऊ शकेल.