देवमाशांच्या रक्षणासाठी प्रत्यक्षदर्शींच्या नोंदी महत्त्वाच्या

कोकणच्या किनाऱ्यावर मृत देवमासा वाहून आला की त्याची बातमी होते. समुद्रात जिवंत देवमासा दिसल्याची नोंद मात्र क्वचितच केली जाते. जहाजांची धडक टाळण्यासाठी हीच दुसरी नोंद अधिक उपयुक्त ठरते.

धडक का बसते?

देवमासा हा सस्तन प्राणी असल्याने श्वास घेण्यासाठी त्याला वारंवार पाण्याच्या पृष्ठभागावर यावे लागते. मोठ्या मालवाहू जहाजाला अल्प अंतरात थांबणे शक्य नसते. अनेकदा धडक बसल्याचे खलाशांच्या लक्षातही येत नाही. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, देवमाशांना होणाऱ्या बहुतांश प्राणघातक वा गंभीर इजांना ८० मीटर किंवा त्याहून लांब जहाजे कारणीभूत असतात. १४ नॉट, म्हणजे ताशी सुमारे २६ किलोमीटर, किंवा त्याहून अधिक वेग असल्यास धोका वाढतो. यावर मार्ग बदलणे आणि वेग कमी करणे हे दोन प्रमुख उपाय आहेत. त्यासाठी देवमासे कोठे व केव्हा असतात, याची माहिती आवश्यक असते.

अन्य देशांतील उपाय

अमेरिकेने २००८ साली पूर्व किनाऱ्यावरील ठराविक क्षेत्रांत ठराविक काळासाठी, ६५ फूट वा त्याहून लांब जहाजांना १० नॉटची वेगमर्यादा लागू केली. दुर्मीळ 'राइट व्हेल' जातीचे तीन किंवा अधिक देवमासे एकत्र आढळल्यास त्या परिसरात वेग कमी करण्याचे आवाहन जहाजांना केले जाते. २०१२ मध्ये 'व्हेल अलर्ट' हे मोबाईल अ‍ॅप उपलब्ध झाले. त्यावर सामान्य नागरिकही नोंद करू शकतात. श्रीलंकेच्या दक्षिणेस निळ्या देवमाशांचा वावर जहाजमार्गावरच असल्याचे सर्वेक्षणांतून स्पष्ट झाल्यानंतर, 'एमएससी' या जहाज कंपनीने २०२२ पासून आपली जहाजे अधिक दक्षिणेकडून नेण्यास प्रारंभ केला.

अरबी समुद्रातील स्थिती

२०१५ साली सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुणकेश्वरनजीकच्या समुद्रात संशोधकांना निळे देवमासे आढळले. २०१७ च्या अखेरीस, उपग्रह-यंत्र बसवलेली 'लुबान' ही हम्पबॅक जातीची मादी ओमानहून अरबी समुद्र ओलांडून भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आली होती. ओमानलगत या जातीचे १०० हून कमी देवमासे उरल्याचा अंदाज आहे. मुंबई व न्हावा-शेवा बंदरांकडे जाणारी जहाजे याच समुद्रातून ये-जा करतात. पालघर जिल्ह्यातील वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मंजुरी दिली असून, ते सुरू झाल्यावर ही वाहतूक वाढणार आहे.

मच्छीमारांचे साहाय्य

खोल समुद्रात सर्वाधिक काळ वावरणारे मच्छीमार ही माहिती देऊ शकतात. जाळ्यात अडकलेल्या संरक्षित जलचराला जाळे कापून मुक्त केल्यास नुकसानभरपाई देण्याची योजना महाराष्ट्रात २०१८ पासून राबवण्यात आली. त्यासाठी छायाचित्र वा चित्रफितीचा पुरावा ग्राह्य धरला जातो. अशाच पुराव्यासह जिवंत देवमाशांच्याही नोंदी होऊ शकतात. भारतातील सागरी सस्तन प्राण्यांविषयी काम करणारे संशोधक नागरिकांकडून अशा नोंदी स्वीकारतात.

नोंद कशी करावी?

दिनांक, वेळ, जीपीएस यंत्रावरील अक्षांश-रेखांश, देवमाशांची संख्या, सोबत पिल्लू आहे का आणि पोहण्याची दिशा ही माहिती लिहून ठेवावी. शक्य असल्यास पाठीवरील पराचे व शेपटीचे छायाचित्र घ्यावे. त्यासाठी होडी देवमाशाच्या जवळ नेऊ नये किंवा त्याचा पाठलाग करू नये. देवमासा किनाऱ्यावर अडकलेला आढळल्यास तत्काळ वन विभागाला कळवावे.