तर्काचा परशू आणि ओले सरपण

नगर शहर सोडून पुण्याच्या रस्त्याला लागले की केडगाव लागते, आणि रेणुकामातेच्या देवळामुळे, विशेषतः नवरात्रातल्या गर्दीमुळे, साऱ्या पंचक्रोशीला ते ठाऊक आहे. तथापि बाहेरगावाहून आलेला एखादा वाचनप्रिय पाहुणा कधीकधी मोठ्या आदराने येथे विचारतो की, पंडिता रमाबाईंचे मुक्तिसदन कोठे आहे. त्याचा युक्तिवाद सरळ असतो: मुक्तिसदन केडगावास आहे, हे केडगाव आहे, सबब मुक्तिसदन येथेच असले पाहिजे. यातले पहिले विधान खरे आहे, दुसरेही खरे आहे. आणि तरीही "अहो, ते केडगाव दौंड तालुक्यातले," एवढे कोणी म्हणताच सारी इमारत खाली येते. बोलणाऱ्याने पाहुण्याचे कोणतेच विधान खोटे म्हटलेले नसते. दोन विधानांना जोडणारा जो सांधा पाहुण्याने मनात गृहीत धरला होता, त्यावरच त्याने बोट ठेवलेले असते.

या सांध्याची आठवण मला गेल्या वर्षी गावातल्या एका अभ्यासिकेत झाली. राज्यसेवेची तयारी करणारा एक तरुण सरावाची प्रश्नपत्रिका पुढे घेऊन बसला होता, आणि 'खालीलपैकी कोणते विधान युक्तिवाद सर्वाधिक कमकुवत करते?' या प्रश्नापाशी अडला होता. युक्तिवाद आमच्या अवर्षणप्रवण मुलखाला साजेसा होता: एका तालुक्यात ओढ्यांवर बंधारे घातले, पुढल्या वर्षी विहिरींचे पाणी वाढले, म्हणून ते बंधाऱ्यांमुळे वाढले. एक पर्याय म्हणत होता की खर्च फार झाला. दुसरा, की बंधारे नसलेल्या शेजारच्या तालुक्यातही पाणी तेवढेच वाढले. तिसरा, की काही शेतकऱ्यांचा कामाला विरोध होता. आणि चौथा, की बंधाऱ्यांनी पाणी वाढते ही समजूतच खोटी आहे. त्याने चौथ्यावर खूण केली होती, कारण घाव तेथे सर्वांत मोठा दिसत होता. "दुसऱ्यात बंधाऱ्यांविरुद्ध एक अक्षरही नाही, काका," तो म्हणाला. त्याचे म्हणणे अक्षरशः बरोबर होते, आणि दुसरा पर्याय उत्तर ठरण्याचे रहस्यही त्यातच होते. चौथा पर्याय निष्कर्षाच्या विरुद्ध नुसता निष्कर्ष उभा करतो. दुसरा मात्र पाण्याच्या वाढीला दुसरे कारण, बहुधा त्या सालचा चांगला पाऊस, असू शकेल अशी वाट मोकळी करतो, आणि तेवढ्याने 'म्हणून' हा शब्द ढिला पडतो.

हे परीक्षातंत्र विलायतेहून आले अशी सर्वसाधारण समजूत आहे, आणि प्रश्नाच्या साच्यापुरती ती खरीही आहे. परंतु दुसऱ्याचे अनुमान नेमके कोठे दुबळे आहे हे शोधण्याची विद्या आपल्याकडे इतकी जुनी आणि इतकी सूक्ष्म आहे की, गौतमाच्या न्यायसूत्रांनी जे सोळा पदार्थ सांगितले त्यांतले शेवटचे सात, म्हणजे वाद, जल्प, वितंडा, हेत्वाभास, छल, जाती आणि निग्रहस्थान, हे सारे वादाच्याच व्यवहाराचे आहेत. त्यांतही प्रामाणिक आक्षेप आणि लबाड आक्षेप यांच्यामध्ये स्पष्ट रेघ ओढलेली आहे: हेत्वाभास दाखवणे हे विद्वानाचे काम, तर शब्दाचा अर्थ फिरवून प्रतिपक्षाला अडवणे हा छल, आणि वरवरच्या साम्यावरून खोटी हरकत उपस्थित करणे ही जाती, जिचे चोवीस प्रकार सूत्रकारांनी मोजून ठेवले आहेत.

सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह महाराष्ट्रातल्या पाठशाळांतून पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गत केला जात असे, आणि यशवंत वासुदेव आठल्ये यांनी पाश्चात्त्य तर्कशास्त्राशी ताडून पाहणाऱ्या टिपांसह सिद्ध केलेली त्याची आवृत्ती १८९७ मध्ये मुंबई संस्कृत मालेत निघाली. त्या छोट्याशा ग्रंथात 'उपाधी' नावाचा जो दोष आहे, तो अभ्यासिकेतल्या प्रश्नाचा साक्षात पूर्वज होय. डोंगरावर धूर दिसला तर तेथे अग्नी आहे, हे अनुमान निर्दोष. पण ते उलटे करून 'अग्नी आहे, म्हणून धूर आहे' असे कोणी म्हणाला, तर नैयायिक त्याला लोहाराच्या शाळेत नेतो. भात्याच्या वाऱ्याने लाल झालेला फाळ सांडशीत धरून लोहार ऐरणीवर ठेवतो तेव्हा त्यात अग्नी आहे हे हात जवळ नेणाऱ्याला सांगावे लागत नाही, आणि धुराची मात्र रेघही त्यातून निघत नाही. मग धूर येतो कशाने? ओल्या सरपणाने. आषाढात भिजलेल्या बाभळीच्या फाट्या चुलीत सारून डोळे पुसणाऱ्या घरच्या बाईला हे शास्त्र न वाचताही माहीत असते. जेथे जेथे धूर तेथे तेथे ओले सरपण असतेच, पण जेथे जेथे अग्नी तेथे ते असेलच असे नाही. तेव्हा अग्नीच्या पदरात टाकलेले धुराचे श्रेय वस्तुतः या तिसऱ्याच वस्तूच्या सोबतीचे आहे, आणि तिलाच म्हणायचे उपाधी. बंधाऱ्यांच्या प्रश्नात चांगला पाऊस हे ओले सरपण आहे. मी त्या तरुणाला एवढेच सांगितले, आणि पुढचे तीन प्रश्न त्याने माझ्याकडे न पाहता सोडवले.

ही विद्या केवळ संस्कृतात कोंडलेली राहिली नाही, याची साक्ष आमच्याच जिल्ह्यात आहे. शके १२१२ मध्ये प्रवराकाठच्या नेवाशास ज्ञानदेवांनी गीतेवर जी टीका सांगितली, तिच्या आरंभीच्या गणेशरूपकात षड्दर्शने हे गणेशाचे हात कल्पिले असून तर्क हा त्यांच्या हातातला परशू आहे, वेदान्त हा मोदक आहे. आणि त्याच रूपकात शुभ्र दात म्हणून जो वर्णिला आहे तो संवाद. तोडण्याचे शस्त्र आणि संवाद एकाच मूर्तीवर शोभावेत, ही कल्पना मराठीत मुळारंभीच आलेली आहे, आणि मला तिचे मोल कोणत्याही तर्कग्रंथाहून कमी वाटत नाही.

शास्त्रातून ही दृष्टी व्यवहारात कशी उतरली ते पाहायचे असेल तर वतनाच्या कज्जांचे जुने कागद उलगडावेत. पाटीलकी-कुलकर्णाच्या तंट्यात अग्रवादी, म्हणजे दावा मांडणारा, आपली तकरीर लिहून देई, आणि पश्चिमवादी, म्हणजे त्याचा प्रतिपक्षी, आपली. उभयतांकडून राजीनामा आणि जामीन घेतले जात. गोत आणि हाकीम मजलशीस बसून गोही-साक्षी पाहत, आणि मग महजर वा निवाडपत्र होई. समजा, अग्रवाद्याने सात पिढ्यांचे वतन सिद्ध करण्यास एक जुनी सनद हजर केली, आणि पश्चिमवाद्याने दाखवून दिले की तिजवरचा शुहूर सन व तीत नमूद केलेल्या अंमलदाराचा काळ यांचा मेळ बसत नाही. येथे दावा खोटा ठरला काय? नव्हे, त्या दाव्याच्या पायाखालचा एक चिरा निखळला, इतकेच. वतन अग्रवाद्याचे असूही शकेल, केवळ या कागदावरून ते तसे म्हणता येत नाही. म्हणून पश्चिमवाद्यालाही स्वतःच्या हक्काची साक्ष द्यावी लागे, आणि दोन्हीकडचा पुरावा अपुरा पडला तर गोष्ट दिव्यापर्यंत, म्हणजे दैवी कसोटीपर्यंत, जाई. शेवटी जो हरे त्याच्याकडून येजितखत लिहून घेत, म्हणजे आपला दावा खोटा पडल्याची त्याची स्वतःची कबुली. दुर्बल करणे आणि खोटे पाडणे यांतले अंतर ज्यांना उमगत होते, त्यांनाच अशा कबुलीची गरज भासेल.

इंग्रजी अमलात वादाचे क्षेत्र छापखान्याकडे गेले. अमेरिकन मिशनचे 'ज्ञानोदय' १८४२ मध्ये नगरातच सुरू झाले, आणि विष्णुबुवा ब्रह्मचाऱ्यांनी १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनारी पाद्र्यांशी जाहीर वाद केले. परंतु अशा धर्मवादांत प्रतिपक्षाचा सांधा तपासण्यापेक्षा त्याला निरुत्तर करण्याची ईर्ष्या अधिक, म्हणून मी त्यांना वादाऐवजी जल्पाच्या सदरात घालीन. खरा वारसा चालवला तो इतिहाससंशोधकांनी. राजवाड्यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला, आणि ग्रँट डफ व बखरकार यांची विधाने अस्सल पत्रांच्या तारखांशी भिडवण्याची जी रीत त्यांनी घालून दिली, ती मजलशीतल्या पश्चिमवाद्याचीच रीत होती.

परीक्षेचा साचा नंतरचा. अमेरिकेत कायद्याच्या महाविद्यालयांसाठी प्रवेशचाचणी १९४८ मध्ये सुरू झाली आणि युक्तिवादाची पारख तिचा मोठा भाग होऊन बसली. आपल्याकडे संघ लोकसेवा आयोगाने २०११ मध्ये पूर्वपरीक्षेत कलमापन चाचणी, म्हणजे सीसॅट, आणली, महाराष्ट्र आयोगाने २०१३ मध्ये तिचे अनुकरण केले, आणि २०२० पासून विधी-प्रवेशाच्या क्लॅटमध्येही उताऱ्यांवरचे असे प्रश्न येऊ लागले. संघ आयोगाने २०१५ पासून सीसॅटचा पेपर तेहतीस टक्क्यांपुरता पात्रतेचा केला. भाषेच्या आणि ग्रामीण उमेदवारांच्या तक्रारी रास्त होत्या, पण पेपर केवळ ओलांडण्याचा उंबरठा झाल्यापासून मुले हे प्रश्न युक्त्यांनी उरकतात, याचे मला दुःख होते. 'टोकाचा शब्द दिसला की पर्याय खोडा,' असली सूत्रे शिकवणीत पाठ करून घेतली जातात, आणि ओले सरपण कोणाच्या ध्यानात येत नाही.

जुन्या आणि नव्या रीतींत मला एकच भेद महत्त्वाचा वाटतो. प्रश्नपत्रिका सांगते की पर्याय खरे मानून चाला. नैयायिक मात्र उपाधी दाखवणाऱ्यालाही विचारी, ती आहे कशावरून? मजलशीत तर हरकत घेणाऱ्याला साक्षीदार उभा करावा लागे. त्या तरुणाला मी हे बोललो तेव्हा त्याने पेन्सिल खाली ठेवली आणि विचारले, "मग शेजारच्या तालुक्यात तेवढाच पाऊस पडला होता का, ते कोण पाहणार?" मी म्हटले, आमच्या वेळी तहसील कचेरीत पर्जन्यमापकाची नोंदवही असे. दुसऱ्या दिवशी तो अभ्यासिकेत आला नाही. कचेरीच्या आवारात, हातात अर्ज घेऊन उभा असलेला त्याला मी दुपारी पाहिला.